वाखासाठी राखलेली झाडं

ती घटना आजही आठवते, अशी आम्हा पोलिसांच्या आठवणींची सुरुवात ठरलेली असते, आणि पुढे साहेबांनी गुन्हेगार कसा हुडकून काढला ते येतं. निवृत्तीनंतर मीही अशा चार-सहा आठवणी लिहिल्या. लोकांनी वाचल्या, कौतुक केलं, बरं वाटलं. ही मात्र मी टाळत होतो. शेवटी बायकोच म्हणाली, लाज वाटते म्हणून टाळताय ना, मग आधी तीच लिहा. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. नावं कुणाचीच घालणार नाही. ज्याला मी पकडलं त्याचं एकदा वर्तमानपत्रात येऊन गेलं, तेवढं पुरे.

मी तेव्हा महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. आमचं रोजचं काम म्हणजे हायवेवरचे अपघात, घाटात कलंडलेले ट्रक, कारखान्यांतल्या कामगारांच्या मारामाऱ्या, आणि सावित्रीचं पाणी चढलं की दासगावपासून वरपर्यंत माणसं हलवणं. अमली पदार्थांची केस क्वचित. वीर स्टेशनवर उतरलेल्या एखाद्या पोराच्या खिशात पुडी सापडली तरी आमच्याकडे ती मोठी बातमी. त्यामुळे गांजाच्या लागवडीची खबर आली तेव्हा अख्खं ठाणं कामाला लागलं, आणि मी तर बाशिंग बांधूनच बसलो होतो.

गौरी-गणपती नुकतेच झाले होते. मुंबईकर परत गेले होते. ठाण्याच्या फोनवर एका माणसाने प्रभारी साहेबांनाच बोलायचंय म्हणून सांगितलं. भाषा शहरी, स्वच्छ. डोंगरातल्या एका वाडीचं नाव, घराची खूण, घरामागे गांजाची झाडं आहेत, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाला, आठवडाभर थांबाल तर उपयोग नाही, लगेच जा. आणि सगळी झाडं मुळासकट काढा, उंच वाढलेली तर आधी. मी विचारलं, तुम्ही कोण? म्हणाला, एक सुजाण नागरिक.

खबर देणारा कधीच फुकट बोलत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. भाऊबंदकी असते, बांधाचा वाद असतो, बाईचं प्रकरण असतं. आधी खबऱ्याचा फायदा शोधा, मग आरोपी शोधा. शिकवायचो, आणि त्या दिवशी स्वतः विसरलो. कोणती झाडं आधी काढा हे सांगणारा सुजाण नागरिक मला आधी किंवा नंतर कधीच भेटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाडीवर गेलो. सोबत राजपत्रित अधिकारी म्हणून नायब तहसीलदार, दोन पंच, फोटोग्राफर, वजनकाटा. गाडी पायथ्याशी ठेवून वर चढलो. घरात दोनच माणसं, साठीपलीकडचा नवरा आणि त्याची बायको. मुलगा मुंबईला. माझ्या मनात त्या माणसाचं नाव आबा असंच बसलंय, इथेही तेच वापरतो. आबा गोठ्यात शेण काढत होते. पोलीस बघून हात धुऊन बाहेर आले आणि आमच्यासाठी घोंगडी अंथरली.

घरामागे, उकिरड्याच्या कडेने आणि परड्याच्या, म्हणजे परसातल्या भाजीच्या तुकड्याच्या, बांधावर झाडं उभी होती. काही डोक्याच्या वर गेलेली, काही कमरेइतकी. पाच-सात बोटांची कातरलेली पानं. शंकाच नव्हती. वास मात्र फारसा नव्हता, ते मला जरा खटकलं. आबा म्हणाले, ती अंबाडी हाय. आपोआप उगवली, वाखासाठी राखलीय. त्यांची बायको म्हणाली की पान आंबट लागलं नाही, म्हणून भाजीला घेतलं नाही, रानटी अंबाडी असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अंबाडीची पानं दिसायला गांजासारखीच असतात. तिचे दांडे कापून पाण्यात कुजवतात, वरची साल सोलतात, तिचा वाख निघतो, आणि त्याची दावी वळतात. गुरांची दावी, विहिरीचा दोर, सगळं त्याचंच. मला हे ठाऊक होतं. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की म्हातारा पोपटासारखा पाठ केलेलं बोलतोय.

त्यात शिपायाला ओढ्यात भिजत घातलेल्या दांड्यांच्या मोळ्या सापडल्या. दगड ठेवून पाण्याखाली दाबलेल्या. मग काय, आम्हाला मुद्देमाल लपवलेला सापडला. पंचनाम्यात मी लिहून घेतलं, 'माल प्रक्रियेसाठी पाण्यात भिजत ठेवलेला मिळून आला.' आणि ते निथळणारे दांडे, उपटलेल्या झाडांची मुळं, मुळांना चिकटलेली माती, सगळं एकाच पोत्यात घालून काट्यावर चढवलं. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचा भाग. वजन त्याचं करायचं असतं, ओढ्याच्या पाण्याचं नव्हे. पण वजन भरलं, माल व्यापारी प्रमाणात गेला, आणि एकदा तसं झालं की जामीन मिळणं महाकठीण. मला तेव्हा ते वजन बघून आनंद झाला होता. हे लिहायला नको वाटतं, पण झाला होता.

ठाण्यात आणल्यावर चौकशी केली. हात लावला नाही, एवढं एक बरं केलं. पण समोर बसवून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, बी कुणी दिलं? आबा म्हणायचे, कुणी नाय दिलं. मग कुठून आणलं? आणलं नाय. मग आलं कुठून? आपोआप उगवलं. मी आवाज चढवला की ते खाली बघायचे. आरोपी खाली बघतो म्हणजे तो लपवतो, असा आमचा समज. खरं तर माणूस लाजेनेही खाली बघतो. आयुष्यात कधी चौकीची पायरी न चढलेला माणूस लॉकअपच्या दारात बसलाय, येणारे-जाणारे बघतायत, आणि त्यातला कुणीतरी ओळखीचा निघतोय. तो काय मान वर करून बसणार?

आज कळतं की प्रश्नच चुकला होता. बी कुणी दिलं, एवढंच मी विचारत राहिलो. बी कुणी दिलंच नव्हतं. त्यामुळे त्यांचं प्रत्येक उत्तर खरं होतं आणि मला प्रत्येक उत्तर खोटं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. मधे झाडांचा ढीग, मागे मी, माझी माणसं, आणि एका कडेला तोंडावर टॉवेल घेतलेले आबा. वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र आलं. नमुने सील करून प्रयोगशाळेत गेले, अहवाल गांजा असाच आला, आणि येणारच होता, गांजाच होता तो. वेळेत दोषारोपपत्र दाखल केलं. आबा तुरुंगात गेले, जामीन फेटाळला गेला.

त्यांची बायको अधूनमधून ठाण्यात यायची. कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहायची. एकदा मी चिडून विचारलं, केस कोर्टात आहे, इथे कशाला येता? ती म्हणाली, "सायेब, आमच्या घरचं बी आता कोण घेत नाय."

मला कळेना. मग माझ्या जमादाराने समजावलं. त्या वाड्यांवर बी विकत देत नाहीत. ज्याच्या घरचा वाल चांगला, ज्याचा भोपळा चांगला, त्याच्याकडून मूठभर घेऊन जायचं. या बाईच्या हातचं बी चांगलं म्हणून खालच्या वाडीपासून बायका यायच्या. आता पोलिसांच्या भीतीने कुणी उंबऱ्याशी येत नव्हतं. मुलगाही मुंबईहून यायचा बंद झाला, तिथे त्याला मित्र फोटो दाखवून चिडवायचे. मी म्हटलं, कोर्ट बघून घेईल, आणि फाईल उघडून बसलो.

पुढचा पाऊस सुरू झाला. भातलावणीच्या दिवसांत एका सकाळी आमच्या महिला हवालदार केबिनमध्ये आल्या. बाई कामाला वाघ आणि तोंडाला तिखट. म्हणाल्या, साहेब, मुद्देमालाच्या खोलीमागे आपलं पीक आलंय. मी जाऊन बघितलं. भिंतीच्या कडेने, पन्हळीचं पाणी पडतं तिथे, गांजाची झाडं गुडघ्यापर्यंत आलेली. खोलीत घुशींनी पोती फोडली होती, झाडूवाल्याने सांडलेला कचरा मागे लोटला होता, आणि पावसाने बाकीचं काम केलं होतं. मुळांच्या मातीत उकिरड्यातलं न रुजलेलं बी राहिलं असणार; आबांच्या पोत्यातलं ते बी पोलीस ठाण्याच्या आवारात रुजलं होतं.

"साहेब, आरोपी म्हणून कुणाला दाखवायचं?" हवालदार बाई म्हणाल्या.

मी हसलो. मग हसू तिथेच थांबलं. कारण ही झाडं कुणी लावली नव्हती. आपोआप उगवली होती.

तरी मी पहिल्यांदा काय केलं ते ऐका. इकडे-तिकडे बघितलं आणि बाईंना म्हणालो, उपटून टाका, वाच्यता नको. ठाण्याच्या आवारात गांजा म्हणजे माझी नोकरीच गेली असती. त्यांनी उपटायला घेतली आणि एकेक झाड फरशीवर ओळीने ठेवत गेल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं. एकाचा दांडा लालसर, दुसऱ्याचा हिरवा. एकाचं पान रुंद, दुसऱ्याचं सुरीसारखं. एक सरळ वाढलेलं, शेजारचं तेवढ्याच दिवसांचं पण बुटकं आणि फांद्यांनी भरलेलं. एकाच पोत्यातलं बी, आणि एका झाडाचा दुसऱ्याला मेळ नाही.

माझ्या वडिलांनी एकदा संकरित ज्वारीचं बी विकत न घेता घरचंच राखून पेरलं होतं. पहिल्या वर्षी शिवार कसं आखल्यासारखं एका उंचीचं होतं. दुसऱ्या वर्षी मिसळ उगवली. एक ताट छातीएवढं, एक मांडीएवढं, कणसं कुठे भरलेली, कुठे विस्कटलेली. शेजारीपाजारी येऊन हसून गेले. संकरित पिकाचं बी पुढच्या पिढीला सरळ उतरत नाही, आजा-पणज्याचे गुण जिथे-तिथे डोकं वर काढतात, हे मी लहानपणी बांधावर उभा राहून बघितलं होतं. आणि आबांच्या परड्यातली झाडंही अशीच मिसळ होती. फोटोत दिसतंय, पंचनाम्यात मीच लिहिलंय, 'लहानमोठ्या उंचीची'. चोरून धंदा करणारा असली मिसळ पेरत नाही, तो एकसारखी, निवडलेली झाडं लावतो. ही झाडं कुणाच्या तरी संकरित पिकाची पिलावळ होती. तो कुणीतरी आबा नव्हते.

बाईंचा हात मी थांबवला. पंच बोलावले, उभ्या झाडांचे फोटो घेतले, स्वतःच्या ठाण्याचा पंचनामा स्वतः केला. वरिष्ठांना फोन लावला तेव्हा त्यांनी माझी चांगली खरडपट्टी काढली. म्हणाले, आपलेच दात आणि आपलेच ओठ, उपटून टाक आणि गप्प बस. मी म्हटलं, सर, माणूस आत आहे. ते म्हणाले, कर काय करायचं ते, पण लेखी मागू नकोस.

मी त्याच दिवशी वाडीवर गेलो. या वेळी बी कुठलं हे विचारलंच नाही. झाडं उकिरड्याच्या कडेने आली होती, म्हणून आबांच्या बायकोला विचारलं, गोठ्यात गुरांखाली काय अंथरता? ती म्हणाली, गवत, पातेरा, काय मिळेल ते. छाप्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काय होतं? तिने खाली हात केला. वाडीच्या उताराखाली एक बंगला होता. "त्या बंगलेवाल्यांनी सुकी झाडं वहाळात टाकली होती, भारेच्या भारे. वाया जातील म्हनून आनली." वहाळातून, म्हणजे ओढ्यातून, आणून गुरांखाली अंथरली, शेणाबरोबर उकिरड्यावर गेली, पाऊस पडला आणि उगवली. ठाण्यात मी जे म्हाताऱ्याच्या तोंडून काढू बघत होतो, ते त्याच्या बायकोने एका वाक्यात सांगितलं, कारण पहिल्यांदा मी सरळ विचारलं होतं.

बंगला शहरातल्या एका माणसाने भाड्याने घेतला होता. पुढे शेडनेट, त्यात फुलझाडं, गावात सगळे म्हणत साहेब परदेशी फुलं पिकवतात. झडतीचा परवाना घेऊन गेलो तर मागच्या बंदिस्त शेडमध्ये गांजा, ओळीने, बुटका, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असा. त्या भाडेकरूने तोंड उघडलं आणि मला आवाज ओळखता आला. माझा सुजाण नागरिक.

या माणसाची चौकशी सोपी गेली. अहंकार असलेला आरोपी बोलतोच, त्याला फक्त ऐकणारा हवा असतो. वनस्पतिशास्त्र शिकलेला, पूर्वी बियाण्यांच्या धंद्यात होता. त्याला बुटकं झाड हवं होतं, छपराखाली मावणारं, आणि वास न येणारं, म्हणजे शेजाऱ्याला पत्ता लागू नये. एका वाणातून बुटकेपणा घेतला, दुसऱ्यातून वास नसणं. पहिली पिढी एकसारखी आली, पण तिच्या बियांतून सगळं विस्कटलं. त्यातली मनासारखी मोजकी ठेवायची, बाकी फेकायची, पुन्हा बी धरायचं, पुन्हा निवडायचं. हे तो मला शाळेतल्या मास्तरसारखं समजावून सांगत होता. फेकलेली म्हणजे वहाळातले भारे. आबांच्या बांधावर उंच झाडं का होती तेही कळलं. उंच झाडं त्याला नको होती. वाखाला ती उत्तम.

मी विचारलं, मग त्या म्हाताऱ्याची खबर तूच का दिलीस? लपून राहायचं सोडून पोलीस डोंगरावर का आणलेस?

त्याने सांगितलं. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. आबांच्या बांधावर नर झाडं, त्यातली उंच सगळ्यात आधी, फुलायला आली होती. वरून वारा सुटला की पराग खाली त्याच्या शेडमध्ये येणार, निवडून ठेवलेल्या माद्यांना नको ते बी धरणार आणि त्याची सगळी मेहनत मातीत जाणार. रात्री चोरून उपटायला माणूस पाठवला असता तर बोभाटा झाला असता. म्हणून आठवड्याच्या आत, मुळासकट, उंच झाडं आधी.

"इन्स्पेक्टर, तुम्ही माझं शेत खुरपून दिलंत," तो म्हणाला. "तेही फुकट."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला शिव्या खूप मिळाल्या, दगडही खाल्ले. पण त्या वाक्याइतकं काहीच लागलं नाही. सरकारी गाडी, पंच, नायब तहसीलदार, वजनकाटा घेऊन मी एका चोराच्या शेताची खुरपणी करायला डोंगर चढलो होतो, आणि मजुरी म्हणून एक म्हातारा तुरुंगात टाकून आलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक एवढाच की आम्हाला चोराने हाताला धरून संन्याशाकडे नेलं होतं.

पुढील तपासाची परवानगी घेतली, पुरवणी अहवाल कोर्टात दिला. ठाण्यामागच्या झाडांचे फोटो, कृषी अधिकाऱ्यांचं मत, ओल्या वजनाची माझी चूक, सगळं लिहिलं. न्यायाधीशांनी ओल्या वजनाबद्दल विचारलं. चूक झाली, एवढंच म्हणालो. आबा सुटले, नंतर खटल्यातूनही मुक्त झाले. बंगलेवाला आत गेला. मुद्देमालाच्या हलगर्जीबद्दल मला लेखी ताकीद मिळाली आणि बंगल्याच्या छाप्याबद्दल पुन्हा एक शाबासकीचं पत्र. म्हणजे या एकाच प्रकरणात मला दोनदा शाबासकी. कपाटात आहेत दोन्ही, कुणाला दाखवत नाही.

या केसने काय शिकवलं, असं वाचक विचारतात. कायद्याचं म्हणाल तर माल कोरडा करून तोला, मातीमुळं काढून तोला, खबर देणाऱ्याचा हेतू आधी शोधा. हे कुठल्याही प्रशिक्षणात शिकवतात, मलाही शिकवलं होतं. मला कळलेली गोष्ट वेगळी आहे. आबा पहिल्या मिनिटाला खरं बोलले होते. ते खरं ओळखायला लागणारं सगळं ज्ञान माझ्याकडे होतं, अंबाडीचं, वाखाचं, मिसळ बियाण्याचं. पण मला हे सगळं ठाण्यामागे, प्रकरण माझ्याच मानगुटीवर बसल्यावर आठवलं. तोवर एका माणसाचं जवळपास वर्ष गेलं होतं, आणि त्या वर्षाचं मी काहीच करू शकत नाही. माफी मागून ते परत येत नाही.

तरी माफी मागायला गेलो. बदलीचा हुकूम आला होता, त्याआधी एकदा, साध्या कपड्यांत, एकटा. पावसाळ्याचे दिवस. त्या दिवसांत तिकडे दगडावरसुद्धा हिरवं येतं. आबांचं परडं मात्र स्वच्छ, शेणाने सारवल्यासारखं. वाल नाही, भोपळ्याचा वेल नाही, बांधावर गवताची काडी नाही. त्यांच्या बायकोने हलक्या आवाजात सांगितलं की ते रोज उजाडलं की खुरपं घेऊन बसतात. मुलगा गणपतीला येऊन गेला, वाडीवाले बोलू लागले, बियांसाठी पुन्हा बायका येऊ लागल्या, पण घरात द्यायला बीच राहिलं नाही.

आबांनी मला बघितलं आणि ताडकन उभे राहिले. मी बसा म्हटलं तरी बसेनात. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो, माझी चूक झाली म्हणालो, हात जोडले. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मला वाटतं, ते नीट ऐकतही नव्हते. त्यांचं लक्ष परड्यात होतं. मग मला घेऊन बांधाच्या कोपऱ्यात गेले आणि खाली बोट दाखवलं. मातीतून दोन पानांचं एक रोप नुकतंच वर आलं होतं.

"सायेब, ह्ये कसलं हाय बघून सांगा," ते म्हणाले. "ठेवू का उपटू?"

मी वाकून बघितलं. काकडीचं रोप होतं. मी म्हणालो, आबा, काकडी आहे ही, ठेवा. बिनधास्त ठेवा.

ते हो म्हणाले. मी चपला घालायला वळलो, आणि मागे बघितलं तेव्हा रोप त्यांच्या हातात होतं.